दाणे नाहींत, नुसतें कूट आहे

एकादशीच्या फराळांतून शेंगदाणा वजा केला तर पानांत काय उरतें, याचा विचार आमच्या साठ वर्षांच्या आयुष्यांत आम्हीं कधीं केला नव्हता. साबुदाण्याच्या खिचडींत कूट, काकडीच्या कोशिंबिरींत कूट, वऱ्याच्या तांदळांबरोबर दाण्याची आमटी, आणि एवढ्यानें भागलें नाहीं तर तिसऱ्या प्रहरीं गूळदाण्याचा लाडू! उपवास नसेल त्या दिवशीं हाच दाणा भरल्या वांग्यांत आणि अळूच्या भाजींत जाऊन बसतो. आमच्या स्वयंपाकघरांत मिठाच्या बरणीशेजारीं कुटाचा डबा असे, आणि भाजी जरा पातळ झाली कीं त्या डब्याचें झांकण निघे. ज्या वस्तूकडे आपण मीठ-पाण्याइतक्या निश्चिंतपणें पाहतों ती एखाद्या मुलाच्या जिवावर उठूं शकते, हें आम्हांस आमच्या नातवामुळें कळलें; आणि तें नीट कळावयास आम्हांस अडीच वर्षें लागलीं. ती हकीकत आमच्यासारख्या वडीलधाऱ्या वाचकांपुढें ठेवावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

२० जुलै २०२१ रोजीं आषाढी एकादशी होती. नातवास वर्ष पुरें होऊन थोडेच दिवस झाले होते. आमच्या कुटुंबानें खिचडींतले चार मऊ साबुदाणे बोटानें चुरून कौतुकानें त्याच्या तोंडांत घातले. दहा मिनिटांत ओठ सुजले, गालांवर व पोटावर गांधी उठल्या आणि एक उलटी झाली. 'पित्त उठलें' असा सर्वांनीं निकाल दिला. आमसुलाचें पाणी अंगास चोळलें. दोन-तीन तासांत गांधी मावळल्या आणि आमसुलास यश मिळालें. वस्तुतः अशा गांधी पुष्कळदां आपोआपच मावळतात. परंतु जो उपाय त्या वेळीं हातांत असतो त्याच्या खात्यावर तें श्रेय जमा होतें. आठवड्यानें कोणीतरी दाण्याच्या चटणीचें बोट त्यास चाटविलें आणि तोच प्रकार अधिक जोरानें झाला. तेव्हां मात्र सूनबाईनें आमचें आमसूल बाजूस सारलें आणि मुलास घेऊन वाईहून पुणें गाठलें.

पुण्याच्या डॉक्टरांनीं आधीं औषध दिलें नाहीं, प्रश्न विचारले. काय खाल्लें, किती खाल्लें, किती वेळानें काय झालें, तान्हेपणीं अंगावर इसब होतें काय. (होतें, दोन्ही कोपरांच्या वळींत आणि गुडघ्यांच्या मागें.) मग मुलाच्या हातावर निरनिराळ्या अन्नांच्या अर्काचे थेंब ठेवून सुईनें अलगद टोचलें. पंधरा-वीस मिनिटांनीं पाहतां बाकीच्या थेंबांखालीं कांहीं नव्हतें. दाण्याच्या थेंबाखालीं नऊ मिलिमीटर रुंदीचा फुगवटा आला होता. भुईमूग हें जातीनें कडधान्यच असल्यामुळें तूर, मूग, हरभरा यांचीहि परीक्षा झाली. तीं सुटलीं. तीळहि सुटला.

'वावडें' हा शब्द आपण फार सैल हातानें वापरतों. कोणास कारल्याचें वावडें असतें, कोणास जावयाचें. दूध न पचल्यामुळें पोट फुगणें हेंहि वावडें, आणि नवसामुळें वांगें न खाणें हेंहि वावडें. डॉक्टरांनीं ज्यास ॲलर्जी म्हटलें तें वावडें यांपैकीं कोणतेंच नव्हे. शरीराची जी शक्ति रोगजंतूंशीं लढते, तीच दाण्यांतील प्रथिनास शत्रु समजते आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नांवाचीं प्रतिद्रव्यें तयार करून ठेवते. पुन्हां तो कण पोटांत जातांच त्वचा, आंतडीं, श्वासनलिका या ठिकाणच्या कांहीं पेशी हिस्टामीन आदि द्रव्यें एकदम ओतूं लागतात. कधीं अंगावर गांधी उठतात, कधीं घसा सुजतो, छातींत घरघर होते, रक्ताचा दाब कोसळतो. आधींच्या खेपेस नुसत्या गांधी उठल्या म्हणून पुढच्या खेपेसहि तेवढेंच होईल असें मुळींच नाहीं. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं बनविला. आयजीईचा छडा त्यानंतर साठ वर्षांनीं लागला.

डॉक्टरांची आज्ञा एका वाक्याची होती: दाण्याचा कणहि नको. ती पाळावयाची म्हणजे काय हें घरीं आल्यावर उमगलें. आमच्याकडे हौसेनें लाकडी घाण्याचें शेंगदाणा तेल येत असे. पूर्ण शुद्ध केलेल्या तेलांत प्रथिन जवळजवळ उरत नाहीं. पण घाण्यावर काढलेल्या तेलांत तें राहतें. म्हणून करडईचें तेल आलें. खलबत्ता बदलला, मिक्सरचें भांडें बदललें. पुड्यांवरील बारीक अक्षरें वाचण्याचें काम आमच्याकडे आलें. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणें बंद पुड्यावर शेंगदाणा, दूध, अंडें, सोयाबीन इत्यादींचा उल्लेख करणें बंधनकारक आहे. परंतु हलवायाच्या परातींतल्या बर्फीवर कोणतें लेबल असणार? शिवाय डॉक्टरांनीं अॅड्रेनॅलीनच्या काचेच्या कुप्या व सिरिंज दिल्या, मुलाच्या वजनाप्रमाणें मात्रा आंखून दिली, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंत सुई कशी द्यावी हें सूनबाईकडून दोनदां करून घेतलें. परदेशांत यासाठीं तयार पेनासारखें साधन मिळतें. आमच्या वांट्यास कुपी आली. आम्हीं त्या वेळीं बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों.

आतां आमचा अपराध सांगावयाचा.

आम्हीं संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविला. त्यामुळें प्रत्येक नव्या गोष्टीस जुन्या पोथींत जागा शोधण्याची खोड आम्हांस आहे. चरकसंहितेंत 'सात्म्य' म्हणून एक कल्पना आहे. जें ज्यास सततच्या सेवनानें मानवतें तें त्याचें सात्म्य. आणि सवय मोडणें अथवा लावणें हें एकदम न करतां अंशाअंशानें करावें, असेंहि तेथें सांगितलें आहे. झालें! आम्हीं सिद्धान्त बांधला कीं सूनबाई दाण्यास घरांत पाऊल ठेवूं देत नाहीं म्हणूनच तो मुलास असात्म्य राहिला आहे. नकळत कणाकणानें पोटांत गेला तर मानवूं लागेल. चरकांनीं भुईमूग पाहिलाहि नव्हता, ही गोष्ट आम्हांस त्या वेळीं आठवली नाहीं. शार्ल रिशे या फ्रेंच पंडितांची हकीकत तर आम्हीं पुढें वाचली. त्यांनीं व पोर्तिए यांनीं १९०२ सालीं समुद्रपुष्प नांवाच्या जलचराचें विष कुत्र्यांस टोचून पाहिलें. एकदां विष सोसून बरा झालेला कुत्रा दुसऱ्या खेपेस अधिक सोसेल अशी आपली सामान्य समजूत. पण कांहीं आठवड्यांनीं त्यास अगदीं थोडी मात्रा देतांच तो अर्ध्या तासाच्या आंत मेला. या उलट्या प्रकारास त्यांनीं ॲनाफिलॅक्सिस हें नांव दिलें आणि त्याबद्दल रिशे यांस १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

१५ जानेवारी २०२४, मकरसंक्रांत. नातू साडेतीन वर्षांचा. आम्ही ओसरीवर बसलों होतों आणि तो मांडीवर होता. शेजारून तिळगुळाच्या वड्या आल्या. वडींत दाण्याचा तुकडा कोठें दिसला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीं फारसें निरखिलेंहि नाहीं. अर्धी वडी मोडून त्याच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "आजोबा, आईला विचारून येऊं?" आम्हीं म्हटलें, "आजोबा देतात तें विचारायचें नसतें."

त्यानें खाल्लें. पांच मिनिटांत ओठ खाजवूं लागला. घशांत कांहींतरी टोचतें म्हणाला, मग खोकला सुरू झाला, आवाज बसला, उलटी झाली. आम्ही उठलों तें आमसुलाच्या बरणीकडे गेलों! कुटुंबानें खाजेचें सरबतासारखें औषध चमच्यांत ओतलें. तेवढ्यांत सूनबाई आंतून आली. तिला सातवा महिना चालू होता. तिनें एकदां मुलाकडे, एकदां वडीकडे पाहिलें, आणि कोणास कांहीं न विचारतां कपाटांतून डबी काढली. कुपीचें डोकें मोडणें, औषध ओढणें, मुलाला आडवें करणें, मांडींत सुई देणें, एवढें सर्व होण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला नसावा. आम्हीं फक्त त्याचे पाय धरले होते. पुढें थोड्याच वेळांत श्वास मोकळा होऊं लागला. शेजाऱ्यांच्या मोटारींतून रुग्णालयांत नेलें आणि रात्रभर तेथेंच ठेवलें, कारण एकदां शमलेला हा प्रकार कांहीं तासांनीं पुन्हां उलटूं शकतो. वड्यांत दाणे नव्हते, असें शेजारच्या वहिनी रडत रडत सांगत होत्या. दाण्याचें कूट मात्र होतें.

अॅड्रेनॅलीन हें द्रव्य जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनीं १९०१ सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. तें सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आंवळतें, सूज उतरवितें आणि आंवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतें. खाजेचें औषध गांधी घालवितें, घसा उघडीत नाहीं. तें देऊन वाट पाहण्यांत जो वेळ जातो तोच घातक असतो. सुई देण्यास उशीर केल्यानें जितका धोका, तितका ती अनावश्यक दिल्यानें बहुधा होत नाहीं, असें डॉक्टरांनीं आम्हांस त्या रात्रीं समजावून दिलें. आणखी एक गोष्ट त्यांनीं सांगितली: अशा वेळीं मुलास उभें करूं नये, चालवूं नये, आडवें ठेवावें, आणि श्वासास फार त्रास असेल तर बसूं द्यावें.

सूनबाई त्यावर आम्हांस एक शब्दहि बोलली नाहीं. ती बोलली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें.

दुसऱ्या आठवड्यांत आम्हीं आपल्या हातानें मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीस लावला: कोणतीं लक्षणें दिसतांच सुई द्यावयाची, मात्रा किती, दूरध्वनि कोणास करावयाचा, सुधारणा न दिसली तर किती मिनिटांनीं दुसरी मात्रा. मग घरांतील सर्व मोठ्या माणसांनीं मोसंब्यांत पाणी टोचून सराव केला. आमच्या कुटुंबाचा हात आमच्याहून स्थिर आहे असें आढळलें. तोंवर हें सर्व ओझें एकट्या सुनेच्या डोक्यावर होतें. ती माहेरीं गेली तर मुलास बरोबर न्यावयाची, देवळांत गेली तर पांच मिनिटांत परत. एकत्र कुटुंबांत मुलावर दहा जणांचें लक्ष असतें असें आपण अभिमानानें म्हणतों; प्रत्यक्षांत दहा जणांचे हात त्याच्या तोंडाकडे जात होते आणि लक्ष एकीचें होतें.

कुटाचा डबा घरांतून कायमचा काढावा हें ठरलें तेव्हां कुटुंबाची एकच शंका होती: उपवासाचें काय? येथें मात्र आमची विद्या उपयोगी पडली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. साबुदाणा आतां सेलमकडून येतो, पण तो ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका तिकडचाच. बटाटा, रताळें, हिरवी मिरची, सर्व मंडळी समुद्रापलीकडून युरोपीय लोकांच्या गलबतांतून आलेली. कोलंबसाच्या आधीं आपले पूर्वज एकादशी करीत नव्हते काय? वरई होती, शिंगाडा होता, दूध होतें, फळें होतीं. हें ऐकून कुटुंब म्हणालें, "म्हणजे इतकीं वर्षें उपवास मोडतच होता म्हणायचा!" आणि डबा मोलकरणीच्या घरीं गेला. हल्लीं खिचडींत ओलें खोबरें पडतें. पहिले दोन महिने ती बरी लागली नाहीं, हेंहि लिहून ठेवतों.

घराबाहेर कथा निराळी. लग्नाच्या पंगतींत आम्हीं आचाऱ्यास विचारलें, "कोशिंबिरींत दाणे आहेत का?" त्यानें आत्मविश्वासानें सांगितलें, "दाणे नाहींत, नुसतें कूट आहे." तो खोटें बोलत नव्हता, त्याच्या लेखीं कूट हा मसाला आहे. तेव्हांपासून आम्ही प्रश्न तीन प्रकारांनीं विचारतों, आणि तरीहि नातवाचा डबा बरोबर असतो. बालवाडींत सूनबाई स्वतः जाऊन बाईंस भेटली, एक कुपी व आमच्या कागदाची नक्कल तेथें ठेवली, आणि वाढदिवसाचा खाऊ घरून आल्याशिवाय यास देऊं नये असें ठरविलें. तिच्याबरोबर बालवाडीच्या पायऱ्या चढतांना आम्हांस आमच्या वर्गांतील एक मुलगा आठवला. तो १५ ऑगस्टची चिक्की कधीं खात नसे, आणि हट्टी म्हणून आम्हीं त्यास एकदां सर्वांदेखत दटावलें होतें. तो आज कोठें आहे, ठाऊक नाहीं.

उलट्या बाजूची चूकहि होते. आमच्या नात्यांतील एका मुलीच्या अंगावर खाज उठली म्हणून आईबापांनीं एका प्रयोगशाळेंत रक्त दिलें; तेथून कित्येक अन्नांची यादी लाल खुणांसह आली, आणि पोरीचा गहूं, दूध, तूर, टोमॅटो सर्व बंद झाले. मुलगी वाळली. रक्तांत प्रतिद्रव्य सांपडणें आणि तें अन्न खरोखर बाधणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि 'आयजीजी' नांवाचें दुसरें प्रतिद्रव्य मोजून तर ॲलर्जी मुळींच ठरत नाहीं. खाल्ल्यावर काय झालें याच्याशीं परीक्षेचा मेळ घातल्यावांचून मुलाच्या तोंडचा घांस काढूं नये. पुण्याच्या डॉक्टरांनीं त्या मुलीचे बहुतेक पदार्थ आपल्या देखरेखीखालीं खाऊं घालून परत सुरू केले.

नातवाची बहीण एप्रिल २०२४ मध्यें जन्मली. तिच्या सहाव्या महिन्यांत डॉक्टरांनीं आम्हांस चकित केलें. तिची परीक्षा स्वच्छ येतांच ते म्हणाले, हिला दाणा द्या, आतांपासूनच द्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील गिडिअन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला होता. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेलीं, चार ते अकरा महिन्यांचीं ६४० मुलें त्यांनीं घेतलीं. निम्म्यांस शेंगदाण्याचे पदार्थ नियमानें खाऊं घातले, निम्म्यांस पांच वर्षांपर्यंत दिले नाहींत. आरंभीं ज्यांची त्वचापरीक्षा स्वच्छ होती त्यांपैकीं न खाणाऱ्यांत शेंकडा १३.७ मुलांस पुढें ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत शेंकडा १.९ जणांस. म्हणजे आमचा अंशाअंशाचा सिद्धान्त सर्वस्वी खोटा नव्हता. आम्हीं तो भलत्या वेळीं, भलत्या मुलावर आणि डॉक्टरांवांचून चालविला.

पण एका घरांत एकास विष आणि एकीस औषध, हें जमवावें कसें? शेजारच्या वहिनींनीं तें काम आपणहून मागून घेतलें. संक्रांतीचें शल्य त्यांच्याहि मनांत होतें. आठवड्यांतून तीनदां नात त्यांच्याकडे जाते. त्या पाण्यांत कालविलेली पातळ, गुळगुळीत दाण्याची पेज तिला भरवितात (अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेंत अडकतो, तो कधींच देऊं नये), तोंड-हात साबणानें धुतात, झबलें बदलतात आणि मग परत पाठवितात. हातांस चोळावयाच्या जंतुनाशक द्रवानें दाण्याचें प्रथिन जात नाहीं, साबण-पाणीच लागतें. हें त्या आतां आम्हांस शिकवितात.

नातवास पुढें काय, हा प्रश्न उरतोच. दूध-अंड्याचीं वावडीं बहुतेक मुलांचीं वयाबरोबर जातात. दाण्याचें सुमारें पांचांत एकाचेंच जातें. अमेरिकेंत जानेवारी २०२० मध्यें दाण्याच्या मोजक्या पुडीनें मुलांस हळूहळू सोशीक करण्याच्या उपचारास मान्यता मिळाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें ओमॅलिझुमॅब या इंजेक्शनास. पहिल्यांत रोज मात्रा घ्यावी लागते, घेतांना कधीं कधीं तोच त्रास उद्भवतो, आणि फळ एवढेंच कीं चुकून पोटांत गेलेला कण जिवावर बेतूं नये. दाणे मनसोक्त खातां यावे हा त्याचा हेतु नव्हे. मुलगा म्हणतो करावें, सूनबाई म्हणते आणखी थोडा मोठा होऊं द्या. आम्हीं या वादांत मत दिलेलें नाहीं.

१४ जानेवारी २०२५ च्या संक्रांतीस घरींच तिळगूळ झाला. कुटाऐवजीं डाळें भरडून घातलें होतें. वड्या आम्हीं स्वतः थापल्या. नातू ओसरीवर आला, ताटलीकडे पाहून म्हणाला, "दाणे आहेत?" नाहींत, म्हटलें. "कूट आहे?" तेंहि नाहीं. डाळ्याचा पुडा आणून त्यावरील अक्षरें आम्हीं त्यास वाचून दाखविलीं. त्यानें सर्व नीट ऐकून घेतलें, वडी उचलली, आणि ती हातांत तशीच धरून आईला विचारावयास आंत गेला.